मागच्या दाराने बर्फावर

टेनपिन बोलिंगला, म्हणजे लांब लेनवरून जड चेंडू टाकून त्रिकोणात मांडलेल्या दहा पिना पाडण्याच्या खेळाला, हिवाळी ऑलिंपिकमध्ये जागा द्यावी का, हा वाद त्या स्पर्धा जवळ आल्या की हमखास डोके वर काढतो आणि हमखास त्याच दोन वाक्यांवर अडतो. एक बाजू म्हणते, बर्फावरून दगड सरकवायला पदक मिळते, मग लेनवरून सात किलोचा चेंडू टाकायला का मिळू नये? दुसरी म्हणते, मॉलमध्ये भाड्याचे बूट घालून, बर्गर खाता खाता जे चालते त्याला खेळ तरी कशाला म्हणायचे? पहिल्या वाक्यात बर्फाचा विचार नाही, दुसऱ्यात बोलिंगचा नाही. म्हणून मत आधीच मांडून टाकलेले बरे. टेनपिन बोलिंग हा ऑलिंपिकच्या तोडीचा खेळ आहे आणि तरीही हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याला जागा नसावी. वरवर पाहता यात विसंगती वाटेल. पण पहिल्या विधानाचे कारण लेनवरच्या तेलात आहे आणि दुसऱ्याचेही तिथेच आहे.

आधी ते तेल. बोलिंगला हसणाऱ्यांपैकी बहुतेकांना लेनवर तेल असते हेच ठाऊक नसते. फाउल लाइनपासून (चेंडू टाकताना ओलांडायची नाही त्या रेषेपासून) पहिल्या पिनपर्यंतचे अंतर ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर. लेनची रुंदी साडेएकेचाळीस इंच, आणि ती ३९ पट्ट्यांत मोजतात. आता लेन बहुतेक ठिकाणी लाकडाच्या राहिलेल्या नाहीत, पण पट्ट्यांचा हिशेब तसाच चालू आहे. या लेनवर यंत्राने खनिज तेलाचा पातळ थर दिला जातो, एका लेनला मिळून २५ ते ३० मिलिलिटर, म्हणजे पाच-सहा चमचे. हा थर फाउल लाइनपासून साधारण ३५ ते ४५ फुटांपर्यंत जातो आणि तिथे संपतो. पुढचे पंधरा-वीस फूट कोरडे असतात. चेंडू तेलावर घसरत जातो, कोरड्यावर येताच पकड घेतो, वळतो आणि शेवटी नीट गडगडत पिनांवर आदळतो. घसरणे, वळणे, गडगडणे: या तीन टप्प्यांची वाटणी कोणत्या फुटावर होते, यावर सगळा खेळ ठरतो.

चेंडू वळवायचाच कशाला, सरळ का टाकू नये? कारण चेंडूचे वजन जास्तीत जास्त १६ पौंड, म्हणजे ७.२६ किलो, आणि एकेका पिनचे दीड किलोहून अधिक. पहिल्या पिनला लागताच चेंडू ढळतो. सरळ आलेला चेंडू इतका ढळतो की आतली पाचवी पिन त्याच्या हाताला नीट लागतच नाही. उजव्या हाताच्या खेळाडूने पहिल्या आणि तिसऱ्या पिनच्या मधल्या पॉकेटमध्ये सुमारे सहा अंशांच्या कोनातून चेंडू आणला, तर चेंडू स्वतः फक्त चार पिनांना शिवतो: १, ३, ५ आणि ९. उरलेल्या सहा पिना पिनांनीच पाडायच्या असतात. पहिली दुसरीला, दुसरी चौथीला, चौथी सातवीला. तिसरी सहावीला, सहावी दहावीला. आणि पाचवी आठवीला. कोन दोन अंशांनी उथळ झाला तर ही साखळी कुठेतरी तुटते, आणि कोपऱ्यातली दहावी पिन उभी राहून खेळाडूकडे पाहत बसते. पुढच्या चेंडूवर ती एकटी पाडणे हे वेगळेच कौशल्य.

मॉलमधला अनुभव फसवा असतो, कारण तिथले तेल फसवे असते. करमणुकीसाठीच्या लेनवर मधोमध दाट आणि कडेला विरळ तेल देतात. हे प्रमाण दहास एकच्या घरात जाते. चेंडू बाहेर गेला तर कोरड्यावर पकड घेऊन परत येतो, आत गेला तर तेलावरून घसरत तिथेच टिकतो. चुकणाऱ्याला सांभाळून घेणारी ही मांडणी आहे, आणि धंदा चालायचा तर ती तशीच हवी. स्पर्धेच्या अवघड लेनवर हे प्रमाण तीनास एक किंवा त्याहूनही कमी ठेवतात. तिथे दोन पट्ट्यांची चूक म्हणजे उभ्या पिनांत अशी फाटाफूट, की दुसऱ्या चेंडूवर त्या पाडून स्पेअरही मिळवता येत नाही. तेलाची लांबी कळली की खेळाडू त्यातून ३१ वजा करतात: थर ४१ फुटांचा असेल तर चेंडूने दहाव्या पट्टीच्या आसपास तेलाबाहेर पडावे, असा ढोबळ हिशेब. पण हा हिशेब पहिल्या डावापुरताच. रेझिनचे चेंडू प्रत्येक फेकीत थोडे तेल पितात, थोडे पुढच्या कोरड्या भागात ओढून नेतात. दोन-तीन डावांत उजव्या हाताच्या खेळाडूंची वाट झिजते, चेंडू लवकर पकड घेऊ लागतो, मग खेळाडू डावीकडे सरकतात, वेग वाढवतात, नाहीतर कमी पकडीचा चेंडू काढतात. डावखुऱ्यांची बाजू त्या मानाने ताजी राहते, कारण तिकडून टाकणारे थोडे. त्यावरून कुरबुरीही कायमच्या. सहा डावांच्या फेरीत सुमारे शंभर वेळा चेंडू टाकायचा आणि त्या काळात पायाखालची नव्हे, तर डोळ्यांना न दिसणारी जमीन बदलत राहणार. याला खेळ म्हणायचे नसेल तर नेमबाजीला आणि गोल्फलाही म्हणता येणार नाही. दुसऱ्या बाजूच्या टिंगलीला एवढे उत्तर पुरे.

आता पहिली बाजू, आणि तिचा मुद्दा तिच्यापेक्षा चांगल्या शब्दांत मांडायला हवा. बोलिंगचे समर्थक कर्लिंगचे, म्हणजे बर्फावरून दगड सरकवण्याच्या त्या खेळाचे, नाव घेतात तेव्हा ते बहुधा एवढेच म्हणतात की दोन्हीत काहीतरी सरकवायचे असते. खरा युक्तिवाद याहून भक्कम आहे. कर्लिंग आज बंद सभागृहात, यंत्राने गोठवलेल्या बर्फावर खेळतात. बाहेर हिवाळा आहे की नाही याच्याशी त्या खेळाचा संबंध उरलेला नाही. सामन्याआधी बर्फावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून खडबडीत दाणे तयार करतात, आणि दगड त्या दाण्यांवरून जातो. खेळ पुढे सरकतो तसे दाणे झिजतात, वाटा बदलतात, आणि कर्णधाराला प्रत्येक एंडला (डावाला) नवा अंदाज बांधावा लागतो. म्हणजे कमी घर्षणाचा, माणसाने मुद्दाम तयार केलेला, खेळता खेळता बदलणारा पृष्ठभाग आणि त्यावर वळणारी जड वस्तू. हे वर्णन बोलिंगला शब्दशः लागू पडते. मग तेलाच्या जागी पाणी गोठलेले आहे, एवढ्यावरून एकाला पदक आणि दुसऱ्याला दार बंद?

हो, एवढ्यावरूनच, आणि हे ‘एवढे’ लहान नाही. कर्लिंगमधून बर्फ काढून टाका, खेळ उरत नाही. १७ ते २० किलोचा ग्रॅनाइटचा दगड हॅकपासून (खेळाडू पाय रोवतो त्या जागेपासून) लक्ष्याच्या मध्यापर्यंत ३८ मीटरहून अधिक अंतर हळुवार जातो आणि मीटरभर वळतो, ते त्याच्या तळाची अरुंद कडा आणि उणे पाच अंशांच्या आसपासचा बर्फ यांच्यातल्या व्यवहारामुळे. गुळगुळीत टेबलावर उपडा पेला फिरवत सरकवला तर तो जिकडे वळेल, त्याच्या नेमका उलट कर्लिंगचा दगड वळतो. असे का होते यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. पुढे झाडू चालवणारे खेळाडू बर्फ घासून दगडाला लांब नेतात आणि त्याचे वळण रोखतात, म्हणजे वस्तू हातातून सुटल्यावरही पृष्ठभागाशी खेळणे चालूच राहते. उलट बोलिंग बर्फावर न्या. काय होईल? चेंडू घसरेल, आणि घसरतच राहील. तेलाचा उपयोग कोरडा भाग येईपर्यंतच असतो. तेलावरच्या आणि कोरड्या भागातल्या घर्षणात जो चार-पाचपट फरक असतो तो बोलिंगचा प्राण आहे. बर्फावर पहिला टप्पा अखेरपर्यंत लांबेल आणि उरलेले दोन टप्पे येणारच नाहीत. हूक, म्हणजे चेंडूचे वळण, गेला, कोन गेला, पॉकेट नावापुरते राहिले. बोलिंगची हिवाळी आवृत्ती काढता येत नाही, कारण बोलिंग जिथे सुरू होते तिथे घसरण संपलेली असते. जो खेळ बर्फावर मरतो तो हिवाळी खेळ कसा?

ऑलिंपिक सनदेचा सहावा नियम हेच दोन ओळींत सांगतो: हिमावर किंवा बर्फावर खेळले जाणारे खेळच हिवाळी खेळ. यावर प्रतिवाद असा की नियम माणसांनीच केला आहे आणि इतिहासात तो कुणी पाळलेला दिसत नाही. हे बऱ्याच अंशी खरे आहे, आणि कबूल करायला हवे. फिगर स्केटिंग १९०८ मध्ये लंडनच्या उन्हाळी ऑलिंपिकमध्ये झाले. १९२० मध्ये अँटवर्पला फिगर स्केटिंगबरोबर आइस हॉकीही होते. १९४८ मध्ये सेंट मॉरिट्झला तर ‘हिवाळी पेंटॅथलॉन’ नावाचा निदर्शनीय (अधिकृत पदकांविना दाखवलेला) प्रकार घेतला गेला, त्यात क्रॉसकंट्री स्कीइंग आणि डाउनहिलच्या जोडीला पिस्तूल नेमबाजी, तलवारबाजी आणि घोडेस्वारी होती! मग बोलिंगनेच काय घोडे मारले आहे?

पण या उदाहरणांचे पुढे काय झाले ते पाहावे. स्केटिंग आणि हॉकी उन्हाळी स्पर्धांत आले तेव्हा हिवाळी ऑलिंपिक अस्तित्वातच नव्हते. १९२४ मध्ये शामोनीला ते सुरू झाले आणि दोन्ही खेळ आपापल्या बर्फावर गेले, ते कायमचे. हिवाळी पेंटॅथलॉन एकदाच झाला आणि पुन्हा कुणी त्याचे नाव काढले नाही. त्यात दुसरा आलेला स्वीडनचा विली ग्रुट त्याच वर्षी लंडनला उन्हाळी मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये सुवर्ण जिंकून गेला, म्हणजे तलवार आणि घोडा यांना त्यांची जागा उन्हाळ्यात आधीपासूनच होती. अपवाद आले, टिकले नाहीत. शंभर वर्षांत या स्पर्धांची चाल पृष्ठभागाप्रमाणे खेळ वेगळे करण्याकडेच राहिली आहे. बायथलॉनमध्ये बंदूक आहे, पण ती पाठीवर घेऊन हिमावरून धापा टाकत आलेल्या माणसाने छातीतली धडधड आवरून नेम धरायचा असतो; हिम काढले की ती निव्वळ नेमबाजी उरते. २०२६ मध्ये मिलानो-कोर्तिनात पहिल्यांदा आलेली स्की माउंटेनिअरिंगही हिमावरच चढते आणि उतरते.

काही जण ऋतूचा आधार घेतात. उत्तर अमेरिकेत आणि युरोपात बोलिंगच्या लीग प्रामुख्याने थंडीत चालतात, लोक बाहेर पडू शकत नाहीत तेव्हा सभागृहात खेळतात, म्हणून तो हिवाळी खेळ. या न्यायाने बास्केटबॉल सर्वांत आधी हिवाळी खेळ ठरायला हवा. जेम्स नेस्मिथने डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डला तो बसवला तोच मुळी थंडीत मुलांना आत खेळायला काहीतरी हवे म्हणून. चार वर्षांनी होल्योकला विल्यम मॉर्गनने व्हॉलीबॉल बसवला, तोही व्यायामशाळेतच. दोन्ही खेळ हिवाळ्याची अपत्ये, दोन्ही उन्हाळी ऑलिंपिकमध्ये निवांत नांदतात. आणि छप्पर हाच निकष धरायचा तर आपल्याकडची कबड्डीही मॅटवर आणि छपराखाली आली त्या दिवशी हिवाळी झाली म्हणायची. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली ती बर्लिनला, उन्हाळी स्पर्धांच्या वेळी. त्याच वर्षी फेब्रुवारीत गार्मिश-पार्टेनकिर्शेनला हिवाळी स्पर्धा झाल्या होत्या. तिकडे कबड्डी न्यावी असे कुणाच्या स्वप्नातही आले नसते. बुद्धिबळ आणि ब्रिज यांची नावेही अधूनमधून हिवाळी स्पर्धांसाठी पुढे केली गेली आहेत. २०३० च्या फ्रेंच आल्प्समधल्या स्पर्धांसाठी सायक्लोक्रॉस आणि क्रॉसकंट्री धावणे यांचा प्रस्ताव आला, तेव्हा हिवाळी खेळांच्या महासंघांनी त्याला उघड विरोध केला. तो विरोध निव्वळ वतन राखण्यासाठी होता असे म्हणता येईल, आणि थोडा होताही. पैशाच्या वाटणीत नवा भागीदार कुणाला हवा असतो? पण त्या दोन खेळांना निदान हिमावरून धावता येते, चिखलाऐवजी हिम तुडवता येते. बोलिंगला तेही शक्य नाही.

समर्थकांचा सर्वांत वजनदार मुद्दा वेगळाच आहे, आणि आपल्यासारख्या देशातल्या वाचकाला तो भिडणारा आहे. हिवाळी ऑलिंपिक ही थंड आणि श्रीमंत देशांची जत्रा आहे. बीजिंग २०२२ मध्ये ९१ देशांच्या समित्या होत्या, उन्हाळी स्पर्धांत दोनशेहून अधिक असतात. बोलिंग आले तर फिलिपीन्स, मलेशिया, सिंगापूर, थायलंड यांना पदकाची खरी संधी मिळेल. हे देश बोलिंगमध्ये खरोखरच तगडे आहेत. १९७८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धांत हा खेळ आला आणि काही खंड सोडले तर २०१८ पर्यंत होत राहिला (१९८२ च्या दिल्लीत मात्र तो नव्हता). मग अन्यायाची भरपाई म्हणून तरी?

भरपाई कुणाची, हा प्रश्न इथे विचारायला हवा. आग्नेय आशियातल्या ज्या शहरांत चांगली केंद्रे आहेत त्यांना पदके मिळतील, त्यांच्या जोडीला दक्षिण कोरिया, जपान, अमेरिका, स्वीडनही असतीलच, आणि या चौघांकडे हिवाळी पदके आधीच आहेत. आफ्रिकेतल्या बहुतांश देशांना, नेपाळला, बांगलादेशाला त्यातून काय मिळणार? स्पर्धेच्या दर्जाची लेन ही स्वस्त गोष्ट नाही. पृष्ठभागाची उंची-सखलता इंचाच्या चाळीस हजारांशाच्या, म्हणजे सुमारे एका मिलिमीटरच्या आत ठेवावी लागते, पिना मांडणारी आणि तेल देणारी यंत्रे लागतात, आणि ती सांभाळणारा माणूस लागतो. मुंबई-पुण्याच्या मॉलमधल्या लेन पाहिल्या तर त्यांतल्या कितींवर तीनास एक प्रमाणाचा थर देऊन रोज सराव करू देतील? तासाला पैसे देणारे गिऱ्हाईक तिथे थांबणार नाही. त्यापेक्षा उष्ण देशांनी बर्फाकडे जाण्याची जी धडपड केली ती या स्पर्धांना शोभणारी आहे. १९८८ च्या कॅलगरीतले जमैकाचे बॉबस्लेवाले, २०१८ मध्ये नायजेरियाच्या मुली, आणि मनालीजवळच्या वशिष्ठचा शिवा केशवन, जो चाके लावलेली लूज (बर्फावरची घसरगाडी) घेऊन हिमालयातल्या रस्त्यांवर ट्रकांच्या मधून सराव करी आणि १९९८ ते २०१८ अशा सहा हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरला. भारताला हिवाळी पदकाची आस असेल तर पैसा गुलमर्गच्या आणि लेहच्या बर्फावर लागला पाहिजे. सभागृहातल्या खेळाला हिवाळी शिक्का मारून तालिकेतला रकाना भरणे ही स्वतःची समजूत घालणे झाले.

हवामानबदलाचा मुद्दाही अलीकडे जोडला जातो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन भरले, तिथे तेव्हाचे अध्यक्ष थॉमस बाख यांनी २०४० पर्यंत हिमावरचे खेळ भरवू शकणारे देश जेमतेम दहा उरतील असा अंदाज मांडला. बीजिंगचे हिम तर जवळपास सगळेच यंत्राने केलेले होते. मग हिम संपत चालले असताना हिमाचा नियम धरून बसण्यात काय अर्थ? यजमान कमी होतात ते डाउनहिलच्या उतारांमुळे आणि बॉबस्लेच्या मार्गांमुळे. कार्यक्रमात बोलिंग घातल्याने त्यांतला एकही उतार कुठल्या नव्या शहरात उगवणार नाही. जे खेळ सभागृहात खेळता येतात, म्हणजे हॉकी, स्केटिंग, कर्लिंग, ते गोठवलेल्या बर्फावर आजही सुरक्षित आहेत. आणि लक्ष्याकडे सरकवण्याचा आणखी एक खेळ हवाच असेल तर आल्प्समधला आइस स्टॉक दारात उभा आहे. १९३६ ला गार्मिशमध्ये आणि १९६४ ला इन्सब्रुकमध्ये तो निदर्शनीय खेळ म्हणून दाखवलाही गेला. १९५२ मध्ये ऑस्लोत दाखवलेला बँडी, म्हणजे बर्फावरची चेंडूची हॉकी, अजून वाट पाहतो आहे. बर्फावरच्या या मंडळींना डावलून तेलावरच्या खेळाला आत घेण्याचे कारण कुणीतरी सांगावे.

मग बोलिंगवर अन्याय झालेला नाही का? झाला आहे, आणि तो नेमका समजून घेतला तर मागच्या दाराचा मोह का होतो हेही समजते. बोलिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाला ऑलिंपिक समितीची मान्यता १९७९ मध्येच मिळाली. १९८८ मध्ये सोलला प्रदर्शनीय स्पर्धा झाली, १२ पुरुष आणि १२ महिला. पुरुषांत यजमान कोरियाचा क्वॉन जोंग-युल जिंकला, महिलांत फिलिपीन्सची आरियान सेर्देन्या. तिचे पदक अधिकृत धरले गेले नाही. फिलिपीन्सला पहिले अधिकृत ऑलिंपिक सुवर्ण मिळायला टोकियोत, २०२१ साली, भारोत्तोलक हिदिलिन डियाझची वाट पाहावी लागली. कर्लिंगची कहाणी याच काळाशी ताडून पाहावी. १९२४ नंतर १९३२, १९८८ आणि १९९२ असे तीनदा तो निदर्शनीय खेळ झाला आणि १९९८ मध्ये नागानोला पूर्ण पदकाचा झाला. बोलिंगने या शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि १९९२ नंतर समितीने निदर्शनीय खेळांची प्रथाच बंद करून शिडी काढून घेतली. दैव म्हणावे तर हेच. पण तेव्हा निसटलेली शिडी बर्फावरची नव्हती.

२०१५ मध्ये टोकियोसाठी आठ खेळांची यादी निघाली, त्यात बोलिंग होते, स्क्वॉशही होते. दोन्ही गळाले. स्क्वॉशला त्याआधीही नकार पचवावे लागले होते. तोही चार भिंतींतला, थंडीत भरभरून खेळला जाणारा खेळ. पण स्क्वॉशने हिवाळी स्पर्धांचे दार ठोठावले नाही. खेळाडू टिकवले, काचेची कोर्ट चौकाचौकांत उभारून दूरचित्रवाणीला सोयीचा केला, आणि मुंबईच्या त्याच अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी क्रिकेटच्या बरोबरीने आत आला. यजमान शहरांना आपल्या पसंतीचे खेळ सुचवता येतात, हा रस्ता आता उघडा आहे. उन्हाळी स्पर्धांत १०,५०० खेळाडूंची मर्यादा आहे आणि गर्दी आहे, हे खरेच. पण बोलिंगला लागतात किती? सोलमध्ये २४ जणांत काम भागले होते. चाळीस-पन्नास खेळाडू, शहरातलेच एखादे चालू केंद्र, दोन-तीन पदके. यजमानाला याहून स्वस्त खेळ शोधून सापडणार नाही.

बोलिंग अडते ते दुसऱ्या गोष्टींवर, आणि त्यांचा बर्फाशी काडीचा संबंध नाही. पहिली अडचण तेल दिसत नाही ही. टेनिसमध्ये लाल माती दिसते, गोल्फमध्ये वाळूचा खड्डा दिसतो; बोलिंगमध्ये प्रेक्षकाला चकचकीत लेन दिसते आणि उत्तम खेळाडूचा चेंडू अचानक का फसला ते कळत नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक फेरीत तेलात निळा रंग मिसळून हा प्रयोग झाला आहे. तो आंतरराष्ट्रीय स्पर्धांत सक्तीचा करावा आणि पडद्यावर झिजलेली वाट सतत दाखवावी. दुसरी अडचण चेंडूंची. नव्वदच्या दशकात रेझिनचे चेंडू आले आणि कोन मिळवणे सोपे झाले. आज खेळाडू सहा-आठ चेंडूंची गाडी ओढत येतो, कारण प्रत्येकाचे आवरण आणि आतला गाभा वेगळा. अंगचे कसब किती आणि विकतचे किती, हा प्रश्न समितीतले लोक विचारणारच. एका फेरीसाठी दोन किंवा तीन चेंडू, आधी नोंदवलेले, कडकपणा मोजून घेतलेले, एवढा साधा नियम केला तरी यातली बरीच हवा निघून जाईल. तिसरी अडचण गुणांची. स्ट्राइकचे, म्हणजे पहिल्याच चेंडूवर दहाही पिना पाडल्याचे, गुण पुढच्या दोन फेकींवर लांबत राहतात, म्हणून मध्येच आलेल्या प्रेक्षकाला कोण पुढे आहे ते समजत नाही. महासंघाने यावर सरळ पद्धत काढलीही आहे: स्ट्राइकला तिथल्या तिथे ३०, स्पेअरला दहा अधिक त्याच फ्रेमच्या (पाळीच्या) पहिल्या चेंडूवर पडलेल्या पिना, आणि दहा फ्रेमची कमाल तीच, ३००. जुन्या लोकांना ती रुचत नाही, कारण तिच्यात लागोपाठच्या स्ट्राइकना जादा मोल उरत नाही. त्यांची तक्रार रास्त आहे. वैयक्तिक डाव जुन्या पद्धतीने आणि समोरासमोरचे बाद फेरीचे सामने नव्या पद्धतीने, असा मध्य काढता येतो.

उरतो दोन्ही हातांनी चेंडू टाकणाऱ्यांचा वाद, जो या खेळात सध्या सर्वांत गरम आहे. त्यांना जास्त फिरकी मिळते, म्हणून काही जुने खेळाडू बंदी मागतात. उंच उडीत डिक फॉस्बरीने १९६८ ला पाठीवरून उडी मारली तेव्हाही नाके मुरडली गेली होती, आणि काही वर्षांत सगळे तशीच उडी मारू लागले. महासंघाने या वादात वेळ घालवू नये. त्याच्या पुढे ब्रिस्बेन २०३२ आहे, आणि यजमानांसमोर ठेवायचा प्रस्ताव सनदेतल्या हिवाळी नियमाच्या दुरुस्तीचा असण्याऐवजी निळ्या तेलाचा, तीन चेंडूंचा आणि चाळीस खेळाडूंचा असायला हवा.